राखाडी चौकटी

रंभाबाई गेली ती ९ डिसेंबर १९७५ रोजी, मंगळवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. कावीळ धरल्यापासून बाराव्या दिवशी. कुणी विचारलं की तिचा नवरा रामहरी एवढंच सांगे, आणि तेही अशा आवाजात की ऐकणाऱ्याला वाटावं, हा मोडनिंबच्या एसटीची वेळ सांगतोय. विचारणारा जरा घोटाळायचा, मग "वाईट झालं" म्हणून निघून जायचा. रामहरी मान हलवायचा.

मूलबाळ नव्हतं. साखर पेठेतल्या दोन खोल्यांत आता तो आणि त्याची थोरली बहीण सारजाबाई अशी दोघंच उरली. सारजाबाई भावजयीच्या दिवसांसाठी मोडनिंबहून आली होती. भावाला भाकरी कोण घालणार म्हणून राहिली. दिवसातून दोनदा तरी ती त्याचं तोंड न्याहाळायची.

"आरं, एकदा रडून घे की," ती म्हणायची. "डोळ्याला टिपूस न्हाय तुज्या."

"येत न्हाय, आक्का."

"येत न्हाय म्हंजी? शिंक हाय व्हय ती, आली तर आली?"

खोटं बोलत नव्हता तो. कडाक्याच्या थंडीत गार पाण्यात हात घालून बसावं आणि काही वेळाने हात आपला वाटू नये, तसं त्याला सगळ्या अंगभर झालं होतं. भाकरी खाल्ली की नाही हे ताट बघून कळे.

दहाव्याला सारजाबाईने रीतीप्रमाणे मयताचं अंथरूण-पांघरूण काढलं. वाकळ, उशी, दोन लुगडी, आणि एक जुनी लाल चादर. चादर हातात घेऊन तिने विचारलं होतं, "ही बी देऊ न्हवं?"

"दे," रामहरी म्हणाला होता.

देवळाबाहेर बसणाऱ्या एका म्हातारीला ते गाठोडं गेलं. ती म्हातारी नंतर तिथे दिसली नाही.

त्या चादरीविषयी सांगायला हवं. रामहरी एका चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचा. चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवायची, हे त्याचं काम. चौकट रंगवली की मागावर तिथला धागा उचलायचा, कोरी ठेवली की सोडायचा. हा कागद पुढे निंगप्पाकडे जाई. निंगप्पा तो वाचत वाचत पुठ्ठ्यांना भोकं पाडी, पुठ्ठे ओवून मागावर चढत, आणि माग त्या भोकांबरहुकूम विणी. रंगवलं तिथे भोक, कोरं तिथे भोक नाही. मागाला तिसरं काही समजत नाही.

एकवीस वर्षांपूर्वी, नवीन लागला तेव्हा, रामहरीने पहिला ग्राफ मोराचा काढला होता आणि त्यात चूक केली होती. नक्षीचा आडवा धागा निराळा चालतो. नक्षी असेल तिथे तो वर दिसतो, नसेल तिथे चादरीच्या मागे लपतो. मागे लपलेला धागा दर आठ चौकटींच्या आत एकदा बांधून घ्यावा लागतो. त्याला बांधणी म्हणतात. ती विसरली तर धागा मागे मोकळा लोंबतो आणि कशालाही अडकतो. रामहरी मोराच्या पायाखाली बांधणी घालायला विसरला. नमुन्याची चादर खोट म्हणून बाजूला पडली आणि त्याच्या घरी आली. रंभाबाई त्या वर्षी नुकतीच नांदायला आली होती. पहिल्याच दिवशी तिच्या पायातली जोडवी त्या धाग्यात अडकली.

"तुमचा मोर पाय धरतोय की माझा," ती म्हणाली होती.

तीच चादर तिने एकवीस वर्षं पांघरली. मोर तर आठव्या-नवव्या वर्षीच विटून गेला. पण महिन्या दोन महिन्यांनी कधीतरी जोडवं अडकायचं आणि ती तेच वाक्य म्हणायची. रामहरी हसायचा नाही. नेहमीचं झालं होतं.

*

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, रामहरी कामावर गेला. मालक मल्लेशम शेठ जातीचे विणकर, घरात तेलुगू बोलणारे, मराठीत नेमकं आणि थोडं बोलायचे. त्यांनी रामहरीच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि काम सांगितलं. मुंबईच्या व्यापाऱ्याला मोर हवा होता. मोठा, पिसारा फुललेला, काठाला वेल. व्यापारी संक्रांतीनंतर येणार. ग्राफ दहा जानेवारीला, शनिवारी, टेबलावर पाहिजे.

"जमेल ना?" शेठनी विचारलं.

"जमेल," रामहरी म्हणाला. एकवीस वर्षांत त्याने चौदा मोर काढले होते.

त्याची बसायची जागा माडीवर, उत्तरेच्या खिडकीशी. त्याने कागद जोडून डकवले, चार फूट बाय तीन. पेन्सिलीने मोराची मान काढायला घेतली. मान बरी आली. मग पेन्सिल थांबली. पुढे पोट येतं, पोटाखाली पाय येतात, हे त्याला ठाऊक होतं. हात मात्र पुढे जाईना. त्याने मान खोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली, पुन्हा खोडली. चार दिवसांत त्या जागी कागद मऊ पडला.

पाचव्या दिवशी त्याने पेन्सिल ठेवली आणि कुंचला घेतला. आकार न काढता त्याने खालच्या डाव्या कोपऱ्यातली एक चौकट लाल भरली. मग शेजारची. कशाची नक्षी, हे त्याने ठरवलं नव्हतं. एक झाली की दुसरी भरायची, एवढंच. संध्याकाळपर्यंत डाव्या काठाला हातभर उंचीचा लाल पट्टा झाला, गच्च, एकही चौकट न सोडता. दुसऱ्या दिवशी तो पट्टा आपोआप विरळ व्हायला लागला. मध्ये एक चौकट सुटे, मग दोन, मग पाच. तिसऱ्या दिवशी रामहरीने असं काही केलं जे त्याने कधी केलं नव्हतं. बशीतल्या पांढऱ्या रंगात त्याने काळ्याचा एक थेंब टाकला. राखाडी झाला. दुसऱ्या बशीत दोन थेंब, तिसऱ्यात तीन. खिडकीच्या कट्ट्यावर सात बशा मांडल्या, सात राखाडी.

ग्राफमध्ये राखाडी नसतो. राखाडीला अर्थच नसतो. हे रामहरीने स्वतः तीन-चार जणांना शिकवलं होतं.

तो भरत गेला. लाल विरत जाऊन राखाडी आला, राखाडी फिका होत होत कागदाच्या रंगाला टेकला, आणि मग कागदाचा मोठा भाग, जवळजवळ अर्धा, त्याने इतक्या पुसट राखाडीने भरला की कोरा आणि भरलेला यांतला फरक फक्त तिरप्या उजेडात कळावा. त्यातली एकही चौकट त्याने चुकवली नाही. उजव्या काठाला पोचल्यावर एके ठिकाणी त्याचा हात पुन्हा लाल बशीकडे गेला आणि तिथे वाकडीतिकडी, तुटक, बोटभर लांबीची एक लाल रेघ उमटली. ती का, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ती काढल्यावर त्याने कुंचला धुतला. नऊ जानेवारी, शुक्रवार, दुपारचे सव्वाचार.

*

शनिवारी मल्लेशम शेठ माडीवर आले. कागद भिंतीला टाचलेला होता. शेठ आधी जवळून बघायला गेले, मग चार पावलं मागे आले.

"हे कशाचं आहे?"

"कशाचं नाही, शेठ."

"मोर कुठाय?"

"मोर येत नाहीये."

"आणि हे येतंय?"

"सध्या हेच येतंय."

शेठनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "रामहरी, तुझं दुःख मला कळतं. पण व्यापारी एकोणीसला येणार. मी त्याला हे दाखवू? इचलकरंजीचा एक डिझायनर यायला तयार आहे. चांगला मोर काढतो म्हणतात. मला त्याला बोलवायचं नाही. पुढच्या शनिवारपर्यंत मोर दे. नाही दिलास तर ही खुर्ची मला त्याला द्यावी लागेल. मग मला बोल लावू नको."

"नाही लावणार."

"हा कागद गुंडाळून ठेव."

रामहरीने कागद उतरवला नाही. एकवीस वर्षांत त्याने मालकाकडे काही मागितलं नव्हतं, आता मागितलं. "याचा एक तुकडा विणून द्या."

"याचं कापड होणार नाही. तुला माहीत आहे. एवढ्या मोकळ्या भागात बांधणी कुठाय?"

"नाही घातली."

"विसरलास?"

"नाही," तो म्हणाला.

शेठनी पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं. बापाच्या मागावर वयाच्या आठव्या वर्षी बसलेला माणूस. न होणारं कापड कसं होईल, हे बघायची त्यालाही थोडी इच्छा झाली असेल, किंवा आणखी काही असेल. ते जिना उतरताना म्हणाले, "नमुन्याचा माग मंगळवारपर्यंत रिकामा आहे. निंगप्पा तयार असला तर कर. आणि मोर विसरू नको."

*

निंगप्पा अक्कलकोटकडचा. खालच्या बोळातल्या खोलीत पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं यंत्र होतं, तिथे तो सतरा वर्षं बसत होता. बोलायला लागला की थांबत नसे, पण यंत्र चालू असताना तोंडातून अक्षर काढत नसे. एकही भोक चुकलं तर सगळी चादर चुकते.

त्याने कागद फळीवर चढवला आणि मान कलती करून बघितलं.

"काय की अण्णा हे. पाऊस पडून गेल्यावर भिंत दिसत्या बघ, तसं."

"कर म्हणाले शेठ."

"करतो की. मला काय. मोर आसू दे, म्हस आसू दे, मला चौकटीच दिसत्यात." त्याने पहिल्या ओळीवर पट्टी ठेवली. डावीकडच्या लाल चौकटी सरसर वाचल्या, भोकं पाडली, आणि हात थांबला. "ह्ये?"

"राखाडी."

"राखाडी दिसतंय मला. भोक पाडू का नको?"

रामहरीने त्या चौकटीवर बोट ठेवलं, मग उचललं.

"अण्णा, ह्यो गडद हाय, ह्यो फिका हाय, त्यो त्येच्यापरीस फिका हाय. माझ्याकडं दोनच गोष्टी हायत. भोक हाय, न्हायतर न्हाय. अर्धं भोक पडत न्हाय. तू सांगायचं. मी न्हाय ठरवणार."

रामहरीला त्या क्षणी समजलं की तो दहा दिवस हाच प्रश्न चुकवत होता. कागदावर सात बशा मांडता आल्या. इथे बशा नव्हत्या.

"सोड," तो म्हणाला.

"सगळा?"

"सगळा राखाडी सोड."

"गडद बी?"

"गडद बी."

निंगप्पाने पट्टीवर बोट ठेवून मोजलं. "म्हंजे हितनं तितपर्यंत एकबी भोक न्हाय. दोनशे अकरा चौकटी. मागं धागा लोंबंल अण्णा, दोरीवानी. घालू का मदी बांधणी? दर आठाला एक. दिसायचं बी न्हाय कुणाला. मी आपला गुपचूप घालतो."

तो मायेने बोलत होता. डिझायनर विसरला तर भोकं पाडणाऱ्याने बांधणी घालून घ्यायची आणि त्याचा गवगवा करायचा नाही, अशी या धंद्यातली रीत होती. निंगप्पाने रामहरीच्या चुका अशा दोनदा झाकल्या होत्या आणि एकदाही बोलून दाखवल्या नव्हत्या.

"नको," रामहरी म्हणाला. "घालू नको. तशीच राहू दे."

निंगप्पाने त्याच्याकडे पाहिलं. मग यंत्राकडे तोंड केलं आणि पुढचे दोन दिवस बोलला नाही. रामहरी शेजारी स्टुलावर बसून राहिला. दर ओळीला निंगप्पाचं बोट राखाडीवर आलं की क्षणभर थांबे, आणि रामहरी म्हणे, "सोड." सुरुवातीला त्याला ते मोठ्याने म्हणावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी निंगप्पाचं बोट थांबेनासं झालं, तरी रामहरी पुटपुटतच होता.

शेवटी गुंडाळलेल्या कागदावर चिठ्ठी लावायची वेळ आली. प्रत्येक ग्राफवर नाव आणि नंबर असतो: कमळ सहा, मोर चौदा. "काय लिहू?" निंगप्पाने विचारलं. रामहरीने चिठ्ठी उलटसुलट करून परत दिली. निंगप्पाने नंबराची जागा मोकळी सोडली आणि नावाच्या जागी "रामहरीअण्णा" असं लिहून कागद मांडणीत सगळ्यांच्या वर ठेवला.

*

मंगळवारी संध्याकाळी तुकडा मागावरून उतरला. वरून बघितला तर डावीकडे लाल काठ, मग विरत गेलेलं लाल, मग नुसतं मळकट पांढरं, आणि उजवीकडे ती तुटकी रेघ. चित्रातले सात राखाडी कुठेच नव्हते. उलटून बघितला तर मागे लाल धागे हातभर लोंबत होते, शेकड्यांनी. विणणाऱ्याने तो दोन बोटांत धरून शेठकडे नेला. शेठनी मागची बाजू बघितली, बोटाने एक धागा उचलला, सोडला. "खोट," ते म्हणाले. "रामहरीला घरी नेऊ दे."

बुधवारी संक्रांत. कारखाना बंद. गावातले निम्मे लोक गड्ड्याच्या जत्रेला गेले. सारजाबाईही शेजारणींबरोबर जायला निघाली, पण उंबऱ्यात थबकली. भाऊ दुपारी दोन वाजता खोलीत चादर पसरून बघत होता.

"ही कसली रं?" तिने मागची बाजू हातात घेतली. "उसवल्यावानी दिसतीय की. ह्यातनं थंडी राहायची व्हय?"

"खोट हाय."

"मग कशाला आनली? कात्री दे, धागं तरी कापते."

"नको, आक्का. राहू दे."

तो आडवा झाला आणि चादर अंगावर घेतली. सारजाबाई गड्ड्याला गेली नाही. दाराशी बसून तीळ निवडायला लागली. रस्त्यावरून पिपाण्यांचा आवाज येत होता. रामहरी डोळे उघडे ठेवून पडला होता. काही वाटतं का, हे तो आतून चाचपून बघत होता आणि नेहमीसारखं हाताला काही लागत नव्हतं. त्याने कूस बदलायला पाय ओढला.

पाय आला नाही.

थंडीने टाचेला भेगा पडल्या होत्या. त्यातल्या एकीत धागा बसला होता. हलकासा ताण. कुणीतरी पाय धरावा, जोरात नाही, नुसता, तसा.

रामहरी निश्चल पडून राहिला.

"काय झालं रं?" सारजाबाई सुपावरून बघत म्हणाली.

"पाय अडकलाय."

"मग वढ की."

"वढला तर धागा तुटंल." थोड्या वेळाने तो म्हणाला, "रंभा म्हणायची, तुमचा मोर पाय धरतोय माझा."

गेल्या पाच आठवड्यांत त्याने बायकोचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. सारजाबाईने सूप खाली ठेवलं. तिला वाटलं, आता रडेल. तो रडला नाही. पाऊण तास तसाच पडून राहिला. मग उठून बसला, वाकून, नखाने, धागा न तोडता टाच सोडवली आणि म्हणाला, "आक्का, भूक लागलीय."

सारजाबाईने ताट वाढलं. तो जेवला, आणि जेवलो हे त्याला ताट न बघता कळलं.

*

गुरुवारी सकाळी आठला रामहरी खुर्चीवर होता. नवा कागद डकवला. मानेपासून सुरुवात केली नाही. पाय आधी काढले. पायावर पोट आलं, पोटावर मान आली, आणि पिसारा शुक्रवारी रात्र पडायच्या आत पुरा झाला. पंधरावा मोर. पहिल्या चौदांपेक्षा बरा होता असं म्हणता येणार नाही; व्यापाऱ्याला पटेल एवढा होता. सात बशा त्याने धुऊन पालथ्या घातल्या.

शनिवारी शेठनी ग्राफ बघितला. "बरा आहे," ते म्हणाले. जाता जाता त्यांनी इचलकरंजीचं पत्र खिशातून काढून फाडलं आणि तुकडे रामहरीच्या टोपलीत टाकले.

सोमवारी, तिकडे पेढीवर शेठ मुंबईच्या व्यापाऱ्याला ग्राफवरून दुसऱ्या कागदावर उतरवून घेतलेला मोर दाखवत असताना, निंगप्पाने ग्राफ फळीवर चढवला. ओळीमागून ओळ वाचत तो मोराच्या पायापाशी आला आणि थांबला. पट्टीवर बोट ठेवून मोजलं. पायाखाली धागा नऊ चौकटी मोकळा सोडला होता. आठ नव्हे, नऊ. बाकी सगळीकडे बांधणी चोख होती, एकही चौकट इकडची तिकडे नव्हती. त्याने पुन्हा मोजलं.

एक भोक मध्ये टाकलं की झालं असतं. त्याचा हात यंत्राच्या खिट्टीवर गेलाही. मग त्याने वर माडीच्या दिशेला मान वळवून पाहिलं आणि हात काढून घेतला. नऊच्या नऊ चौकटी कोऱ्या सोडून त्याने पुढची ओळ वाचायला घेतली.